तेल कुठलं घालता?

माणसाच्या स्वभावाची पारख करायची असेल तर त्याच्याशी राजकारणावर बोलू नये, क्रिकेटवर तर नाहीच नाही. त्याच्यापुढं तेलाचा विषय काढावा. राजकारणात माणूस एकवेळ पक्ष बदलेल, पण तेल बदलणार नाही. आमच्या घराण्यात डोक्याला खोबरेल, अंगाला तिळाचं, फोडणीला शेंगदाण्याचं आणि समईला पुन्हा तिळाचं, असं खातेवाटप आजीच्या काळात झालं आणि त्यानंतर दिल्लीत कितीही सरकारं आली-गेली तरी आमच्या स्वयंपाकघरातल्या मंत्रिमंडळात फेरबदल झाला नाही. मध्यंतरी डॉक्टरांच्या शिफारशीवरून करडईचं तेल राज्यमंत्री म्हणून आलं होतं. सहा महिन्यांत त्याचा राजीनामा घेतला गेला. गृहखातं एरंडेलाकडं असे. त्याचं नुसतं नाव काढलं की पोरं परवचा म्हणायला बसत.

या एरंडेलाचा आणि मोटारसायकलींचा जुना संबंध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. विमानं आणि मोटारी जेव्हा नव्या नव्या होत्या तेव्हा त्यांच्या तापलेल्या इंजिनांत टिकेल असं तेल म्हणून लोकांनी एरंडेल वापरून पाहिलं, आणि ते टिकलं. कॅस्ट्रॉल हे नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून १९०९ साली पाडलेलं आहे. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिनं एरंडेलावर चालत, आणि त्याचा धूर तोंडावर घेऊन उडणाऱ्या वैमानिकांच्या पोटावर व्हायचा तो परिणाम होत असे. शत्रूच्या गोळीला न भिणारा वीर विमान उतरताच कुठल्या दिशेनं धावत सुटत असेल, ते ज्यानं लहानपणी एरंडेल घेतलंय त्याला समजावून सांगायला नको.

सांगायचा मुद्दा, तेल हा विषय फोडणीपाशी संपत नाही. घरात जुनी मोटारसायकल असली तर तो तिथून सुरू होतो.

आमच्याकडं अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, १९७८ सालची बुलेट आहे. साडेतीनशे सी.सी., लोखंडी बिडाचं इंजिन, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात. आजकालच्या गाड्यांवर वाढलेला माणूस तिच्यावर बसला की थांबायच्या वेळी गिअर बदलतो आणि गिअर बदलायच्या वेळी थांबतो. त्यामुळं ही गाडी चोरीला जाण्याची भीती नाही. चोर फार तर कोपऱ्यापर्यंत जाईल आणि परत आणून देईल.

हिचं कूळ इंग्रजी. १९५५ साली मद्रासेत या गाड्यांचं काम सुरू झालं. पुढं १९७० च्या सुमारास विलायतेतल्या मूळ कारखान्यालाच टाळं लागलं, आणि मद्रासच्या शाखेनं वंश पुढं चालवला. माहेर मोडलं तरी सासरी नांदणाऱ्या जुन्या बायकांसारखी ही गाडी इथंच रुळली, इथलीच झाली.

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं. पण धरण पुरं झालं म्हणून पाणी आपोआप शेतात जात नाही. त्याला कालवे लागतात, आणि कालव्यांना ओव्हरसियर लागतात. साहेब जीपमधून जायचे, अण्णा बुलेटवरून. टेंभुर्णी, माढा, करमाळा असा त्यांचा मुलूख. काळी माती, पांढरी धूळ आणि डोक्यावर सोलापूरचं ऊन. त्या उन्हात माणसं झाडाखाली बसत, म्हशी डबक्यात बसत, आणि अण्णा बुलेटवर बसत. रविवारी आम्ही चौघं तिच्यावरून पंढरपूरला जात असू. धाकटा भाऊ टाकीवर, अण्णा सीटवर, त्यांच्या पाठीला चिकटून मी आणि माझ्यामागं आई, बाजूला पाय सोडून आणि मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. एवढं ओझं घेऊन ती गाडी एकाच सुरात चालायची. तो सूर माझ्या कानात अजून आहे.

आता अण्णा शहाऐंशी वर्षांचे आहेत. गाडी चालवणं त्यांनी सोडलं त्याला बरीच वर्षं झाली. पण दर रविवारी सकाळी ती सुरू झालीच पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. आम्ही खाली किक मारतो आणि ते वर गॅलरीत खुर्ची टाकून ऐकतात. त्यांना हल्ली घरातली माणसं काय बोलतात ते नीट ऐकू येत नाही. बुलेट मात्र ऐकू येते. टॅपेटचा आवाज जरा वाढला की ते वरून बोट दाखवतात.

ही गाडी घेऊन रस्त्यावर निघालं की एक प्रश्न हमखास अंगावर येतो. सिग्नलला शेजारी थांबलेला रिक्षावाला, पंपावरचा पोरगा, दवाखान्याच्या दाराशी उभे असलेले अनोळखी आजोबा, कुणीही विचारतं, "तेल कुठलं घालता?" यातली गंमत अशी की विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. "मुलीचं कुठं जमलं का?" या प्रश्नासारखाच हा प्रश्न आहे. पुढं स्वतःचं स्थळ सुचवायचं असतं.

आतापर्यंत ही स्थळं मी हसून ऐकून घेत होतो. पण गेल्या वर्षी इंजिन उघडावं लागलं आणि प्रकरण गंभीर झालं. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, साठाचं बोअर झालं. आता पुढचा नंबर नाही." याचा अर्थ असा की सिलिंडर झिजला की तो आतून थोडा मोठा कापतात आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवतात. हा मान तीनदा मिळतो: वीस, चाळीस आणि साठ. इंचाच्या हजाराव्या भागांचं हे माप आहे. साठ झालं की सिलिंडर पेन्शनीत निघतो. मग स्लीव्ह ठोकायची किंवा नवा आणायचा. "होतं तेही," मिस्त्री म्हणाले, "पण मग ती अण्णासाहेबांची गाडी राहत नाही. नुसती गाडी राहते."

त्याच सुमाराला धाकट्या भावाचा बडोद्याहून फोन आला. त्याचं म्हणणं, अशा गाड्यांना आता हौशी गिऱ्हाइकं चांगली किंमत देतात. चालू आहे तोवर देऊन टाकावी. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणीला नेताना आरटीओत घाम गाळायचा, आणि पुढं धूर ओकायला लागल्यावर भंगारात द्यायची, त्यापेक्षा हे बरं. यात चूक काही नव्हतं. उलट आमच्या चिरंजीवांनी जाहीर केलं की गाडी विकायची नाही, ती तो चालवणार. हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत असणारा मुलगा आजोबांची बुलेट चालवणार, याचा मला आनंद झाला. पण अट त्यानं अशी घातली की तेल तो ठरवणार.

आणि मग आमच्या घरात तेलाची गोलमेज परिषद भरली.

शेजारचे नाना बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलेलं नाही, त्यामुळं त्यांची मतं इंजिनाच्या घाणीनं मळलेली नाहीत. ते म्हणाले, "जुनी गाडी ना? मग जाड तेल घाला. जितकं जाड तितकं चांगलं." आमचे मेव्हणे डिझेल गाडीवाले. त्यांच्याकडं सर्व्हिसिंगच्या वेळचा अर्धा कॅन उरला होता. "तेल ते तेल," ते म्हणाले, "उगाच पैसे कशाला घालवता?" घरात आलेला पाहुणा काहीतरी हातात घेऊन येतो ही चांगली प्रथा आहे, पण मेव्हण्यांनी यापूर्वी कधी पेढ्यांचा अर्धा बॉक्सही आणलेला मला आठवत नाही. चिरंजीवांनी कुठलंसं फुल सिंथेटिक ५ डब्ल्यू ३० काढलं. त्याची किंमत ऐकून सौभाग्यवती स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, एवढ्यात लाकडी घाण्याचं पाच लिटर येतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांपुढं शेंगदाण्याचं होतं, पण मुद्दा बिनतोड होता.

मग त्या डब्ल्यूवर चर्चा घसरली. नानांच्या मते डब्ल्यू म्हणजे वॉटर. वीस डब्ल्यू म्हणजे वीस टक्के पाणी. हल्ली दुधाचं तसं तेलाचं, असं म्हणून त्यांनी एक सुस्कारा सोडला. मेव्हण्यांच्या मते डब्ल्यू म्हणजे वेट, वजन. शेवटी मी नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा कुठलाही अवयव हवा असेल तर नाना पेठेत जावं. तिथं चाकापासून घंटीपर्यंत सुटे भाग मिळतात आणि त्यांच्याबरोबर सुटं ज्ञानही मिळतं. तिथल्या एका वयस्क दुकानदारानं काउंटरवर कोपर टेकवून मला जे सांगितलं ते शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी रसायनशास्त्रात पुढं गेलो असतो.

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. आकडा जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ राहणारं. पण ही थंडी आपली नव्हे. वीस डब्ल्यू तेलाची थंडीतली परीक्षा उणे १५ अंशांवर घेतात, पाच डब्ल्यूची उणे ३० वर आणि शून्य डब्ल्यूची उणे ३५ वर. आमच्या पुण्यात पारा सात-आठ अंशांवर आला की वर्तमानपत्रं पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो छापतात. करमाळ्याच्या उन्हात वाढलेल्या गाडीला उणे तीस अंशांची तयारी करून देणं म्हणजे कोकणातल्या माणसाला बर्फावर चालायचे बूट घेऊन देण्यासारखं. वाईट काही नाही. पायांत घालून तो खळ्यात बसेल.

दुसरा आकडा तापलेल्या अवस्थेतला. तेल १०० अंशांवर नेऊन त्याचा दाटपणा मोजतात आणि त्याप्रमाणं तीस, चाळीस, पन्नास असे नंबर देतात. पूर्वी एकाच नंबरचं तेल मिळे. उन्हाळ्यात चाळीस घालायचं, हिवाळ्यात तीस. मग दोन्ही गुण असलेलं तेल आलं. हे कसं करतात? तर तेल मुळात पातळ घेतात आणि त्यात लांबलचक रेणूंचा एक पदार्थ मिसळतात. हे रेणू थंडीत अंगाचं मुटकुळं करून पडून राहतात, कुणाच्या वाटेत येत नाहीत. आणि उकाडा वाढला की हातपाय पसरतात. आमच्याकडं मे महिन्यात येणारे पाहुणे असेच झोपतात. रात्री पाणी प्यायला उठलं तर माजघरातून वाट काढता येत नाही. तेलालाही तशीच वाट मिळत नाही, म्हणून ते तापलं तरी फार पातळ होत नाही. पुढं पुढं हे रेणू यंत्रात चिरडून तुटतात, आणि तेलाचा दाटपणा उतरतो. पाहुण्यांचं मात्र तसं होत नाही.

"मग ९० नंबरचं काय?" मी विचारलं. बुलेटच्या गिअरबॉक्सात नव्वद घालतात हे मला अण्णांमुळं माहीत होतं. पन्नासच्या पुढं नव्वद म्हणजे डांबरच असणार, असा नानांचा हिशेब होता. दुकानदार हसले. म्हणाले, "साहेब, ते दोन वेगळ्या बोर्डांचे मार्क आहेत." इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी, गिअर ऑइलची वेगळी. गिअरचं नव्वद साधारण इंजिनाच्या चाळीस-पन्नासइतकंच दाट असतं. नुसते आकडे मिरवणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल माझं पूर्वीपासून जे मत होतं, त्याला नाना पेठेत दुजोरा मिळाला.

जुन्या बुलेटीची मौज अशी की तिच्या पोटात तीन स्वतंत्र बिऱ्हाडं आहेत. इंजिनाचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि डाव्या अंगाला क्लच नि साखळीचा डबा आहे त्याचं वेगळं. वाड्यातल्या तीन चुली. कुणी कुणाच्या डब्यातलं मागायचं नाही. बहुतेक नव्या मोटारसायकलींत एकच तेल इंजिन, गिअर आणि क्लच, तिन्ही सांभाळतं. एकत्र कुटुंब म्हणा. त्यामुळं तिथं फार बघून तेल घ्यावं लागतं. मोटारींच्या कित्येक तेलांत इंधन वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्यं घालतात. मोटारीत ती चांगली. पण तेलात भिजलेल्या क्लचला ती लागली की त्याच्या चकत्या एकमेकींना धरून ठेवीनाशा होतात. इंजिन ओरडतं, गाडी जागेवर. यावर जपानी लोकांनी १९९८ साली मोटारसायकलींच्या तेलांसाठी एक मानक काढलं. डब्यावर 'जासो एम.ए.' असं लिहिलेलं असेल तर ते क्लचला चालतं. म्हणजे मेव्हण्यांचा अर्धा कॅन आमच्या क्लचच्या डब्यात जाऊ देणं धोक्याचं होतं. ही गोष्ट मी त्यांना अगदी हळुवारपणे सांगितली. सांगताना मला जो आनंद झाला तो शास्त्रीय स्वरूपाचा होता.

परिषदेच्या दुसऱ्या रविवारी नानांनी गाडीची तपासणी हाती घेतली. तेलाची पट्टी बाहेर काढली, चष्मा वर केला आणि ओरडले, "अहो, कोरडी आहे! आणा तेल!" गाडी खाली तर तेलाचे दोनच थेंब होते. ते रोज असतात. जुन्या गाडीचे गॅस्केट आणि जुन्या माणसाचे डोळे थोडे पाझरायचेच. त्यात कारखान्याचा दोष नाही. पण दोन थेंबांत पट्टी कोरडी कशी होईल? चिरंजीव कॅन उघडायला धावले. तेवढ्यात वरून गॅलरीतून अण्णांचा आवाज आला. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलेलं नव्हतं. त्यांनी नुसती पट्टी बाहेर आलेली पाहिली होती.

"आधी पाच मिनिटं चालू करा. मग पट्टी बघा."

गाडी चालू केली. पाच मिनिटांनी पट्टी पुन्हा बुडवली. तेल बरोबर खुणेवर.

बुलेटचं तेल इंजिनाच्याच अंगात एका वेगळ्या कप्प्यात असतं. एक पंप ते कामावर पाठवतो, दुसरा परत आणतो. गाडी आठ-दहा दिवस उभी राहिली की तेल हळूहळू कप्प्यातून झिरपून तळघरात, क्रँकच्या पायाशी उतरतं. कप्पा रिकामा दिसतो, पण तेल घरातच असतं. अशा वेळी जो वरून आणखी ओततो, त्याच्या गाडीतून सुरू होताना असा धूर निघतो की गल्लीला होळी आठवावी. मग लोक म्हणतात, गाडी म्हातारी झाली. साठाचं बोअर झालेल्या इंजिनाला हा आळ परवडणारा नव्हता. नाना म्हणाले, "बँकेतसुद्धा असंच असतं. पैसे असतात, पण दुसऱ्या खात्यावर." माणूस निवृत्त झाला तरी उपमा सोडत नाही.

शेवटी सगळे मिस्त्रींकडं गेलो. मिस्त्रींचं वय सत्तरीच्या घरात. गेल्या दिवाळीपासून ते नवी कामं घेत नाहीत. त्यांनी जुनं तेल अंगठा आणि तर्जनीत घेतलं, चोळलं, हुंगलं, उजेडाकडं बोट धरलं. आमचे एक वैद्य होते, ते अशीच नाडी बघत आणि मग हळूच "कालची भजी?" असं विचारत.

चिरंजीवांनी आपली बाजू मांडली. सिंथेटिक तेल उष्णतेत जास्त टिकतं, लवकर जळत नाही, त्याचं आयुष्य मोठं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे दादा तुमचं," ते म्हणाले. "तेल उत्तमच आहे. पण ते तापल्यावर तीस नंबरचं होणार. हिच्या भागांमधल्या फटी पडल्या चाळीस-पन्नासच्या हिशेबानं. पोरगी चांगली, पोरगा चांगला, पण पत्रिका जुळत नाही."

"मग सिंथेटिकमध्येच पन्नास घेऊ," चिरंजीव म्हणाले.

"घ्या की. पण ही तेल घाण करते लवकर. हवेवर थंड होणारं इंजिन, रिंगा जुन्या, फिल्टर एवढासा. दोन हजार किलोमीटरला तेल काळं. दहा हजार चालणारं तेल दोन हजारला ओतून द्यायचं, ते कशाला? साधं मिनरल २० डब्ल्यू ५० घाला, आणि वेळेवर काढा. माणसाला रोज ताजी भाकरी बरी, महिन्यातनं एकदा पंचपक्वान्न काय करायचं?"

नव्या तेलांवर एस.एन., एस.पी. अशी अक्षरं असतात, त्याचं काय, असं चिरंजीवांनी विचारलं. ही अमेरिकन पेट्रोलियम संस्थेची वर्गवारी. पेट्रोल इंजिनांच्या तेलांचा वर्ग एस.ए.पासून सुरू झाला आणि मधली काही अक्षरं गाळत २०२० साली एस.पी.पर्यंत आला. वरचा वर्ग अधिक हुशार. पण त्यात एक मेख आहे. तेलात जस्त आणि फॉस्फरसची एक संयुक्त पूरकमात्रा असते. ती धातूवर धातू घासतो तिथं मधे पडून झीज थांबवते. बुलेटच्या सपाट टॅपेटांना तिचा मोठा आधार. पण हाच फॉस्फरस नव्या गाड्यांच्या धुरांड्यात बसवलेल्या शुद्धीकरण यंत्राला बाधतो, म्हणून नव्या पातळ तेलांत त्याच्यावर मर्यादा घातली आहे. ती मर्यादा २० डब्ल्यू ५० सारख्या दाट तेलांना लागू नाही. म्हणजे मिस्त्री बोटांनी हुंगून जिथं पोचले होते, तिथंच आम्ही पुस्तकातून पोचलो. फक्त आम्हाला तीन आठवडे जास्त लागले.

घरी आल्यावर अण्णांना निकाल सांगितला. वहीवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवला. त्यांनी मान हलवली, आणि कपाटातून एक लांबोडकी वही काढायला लावली. ही वही मी लहानपणापासून पाहत आलो होतो, पण खात्याच्या मोजमापाची काही असेल म्हणून तिला कधी कुणी हात लावला नव्हता. ती बुलेटची होती. ओव्हरसियरच्या हातचे, पट्टीनं आखलेले चार रकाने: तारीख, किलोमीटर, तेल, शेरा.

पहिली नोंद १९७८ ची. तेलाच्या रकान्यात उन्हाळ्यात '४०', हिवाळ्यात '३०'. मग बऱ्याच पानांनंतर '२०-५०' आणि पुढं शेवटपर्यंत तेच. दर दोन हजाराला एक ओळ. कुठं चुकलेली नाही. मी शेऱ्याचा रकाना वाचत गेलो. 'माढा शाखेची चाचणी, पाणी सुटले.' 'धाकट्यास गोवर.' 'थोरल्याची मुंज, गाडीस विश्रांती.' आणि एका जूनमध्ये, लागोपाठ दोन ओळी. पहिली: 'तेल मुदतीपूर्वी बदलले. उद्या लांब जाणे.' दुसरी: 'सौ.स मिरजेस दाखवले. रात्री परत. गाडीने त्रास दिला नाही.'

आई त्या दुखण्यातून उठली आणि पुढं वीस वर्षं जगली. आम्हाला त्या रात्रीबद्दल एवढंच आठवत होतं की शेजारच्या काकूंनी पिठलं-भात केला होता. अण्णांना कधी विचारलं असतं तरी त्यांनी यापेक्षा जास्त सांगितलं नसतं. जे सांगायचं ते त्यांनी शेऱ्यात लिहिलं होतं.

सौभाग्यवतींनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाल्या, "घ्या हो ते तेल. आणि दोन कॅन घ्या."

त्यानंतरच्या रविवारी चिरंजीवांनी स्वतः तेल बदललं. आधी गाडी फिरवून गरम केली, कारण गरम तेल आपल्याबरोबर घाण घेऊन बाहेर येतं. काळं तेल जुन्या कॅनमध्ये भरून मिस्त्रींकडं जमा करायला ठेवलं. गटारात एक थेंब जाऊ दिला नाही. बोल्टखालचा तांब्याचा वॉशर नवा घातला. दोन-सव्वादोन लिटर नवं मधासारखं तेल आत गेलं. नाना पट्टी धरून उभे होते. पाच मिनिटं झाल्याशिवाय त्यांनी ती बुडवू दिली नाही. वर जाताना चिरंजीवांनी वही मागितली. भावाचा बडोद्याहून फोन आला होता, त्याला मी सांगितलं की गिऱ्हाईक घरातच मिळालं, फक्त किंमत देत नाही.

वही उघडून त्यानं तारीख लिहिली. किलोमीटर लिहिले. तेल: '२०-५०, मिनरल.' त्याच्या अक्षराला रकान्यात राहायची सवय नाही. आयुष्य सगळं बोटांनी कळा दाबण्यात गेलेलं. पाच रेघेवर चढला होता. अण्णा जवळून बघत होते. शेऱ्याच्या रकान्यापाशी तो थांबला.

"आजोबा, इथं काय लिहू?"

हे मात्र त्यांना ऐकू गेलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग खात्यातून बदली होताना टेबलावरचे कागद पुढच्या माणसाच्या हवाली करावेत, त्या आवाजात म्हणाले,

"'चार्ज घेतला' असं लिही. आणि खाली सही कर. शाईनं."